भावाची बातमी आधी कोणाला?

कारंजा लाड म्हटले की लोकांना गुरुमंदिर आठवते, नृसिंह सरस्वतींचे जन्मगाव आठवते. या गावाच्या नावावर आणखी एक गोष्ट आहे. १८८६ साली हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटच्या हुकमाने कारंजाचा कापूस बाजार नियमांखाली आला. भारतातली पहिली नियंत्रित बाजारपेठ ती हीच. शेतमाल पणनाच्या पाठ्यपुस्तकांत कारंजाचे नाव सुरुवातीलाच भेटते, पण वाशीम जिल्ह्यात ही गोष्ट अभिमानाने सांगणारा माणूस क्वचित सापडतो. वऱ्हाड तेव्हा नावापुरते निजामाचे होते. १८५३ च्या तहाने कारभार इंग्रजांच्या हाती गेला होता. वाशीम हा ‘बासिम’ नावाचा वेगळा जिल्हा होता. १९०५ साली तो मोडला, त्याचा बराचसा भाग अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा स्वतंत्र झाला. या साऱ्या उलथापालथीत कारंजाचा बाजार जागच्या जागी राहिला.

कारंजाच्या हुकमाच्या एकच वर्ष आधी, १८८५ साली, हिंदुस्थानचा तार कायदा झाला. तारा टाकण्याचा आणि चालवण्याचा एकाधिकार सरकारने त्यात स्वतःकडे ठेवला. २०२३ चा दूरसंचार कायदा येईपर्यंत आपले टेलिफोन आणि मोबाइलसुद्धा त्याच जुन्या कायद्याच्या छायेत चालले. म्हणजे वर्षभराच्या अंतराने सरकारने एक हात बातमीच्या वाटेवर ठेवला आणि दुसरा बाजाराच्या दारावर. या दोन गोष्टींचा संबंध सहसा कोणी जोडत नाही. मला तो जोडावासा वाटतो. सरकारने धंद्यात पडावे की पडू नये, या वादात आपण पिढ्यानपिढ्या भांडतो आहोत आणि त्या भांडणात एक साधा प्रश्न मागे पडतो: भावाची बातमी आधी कोणाला कळते? घेणाऱ्याला की विकणाऱ्याला? सरकारच्या हस्तक्षेपाने हे अंतर कमी झाले तर तो हस्तक्षेप मला मान्य आहे, आणि त्याने अंतर वाढले तर हेतू कितीही चांगला असो, तो मला मान्य नाही. एवढे एकच सूत्र धरून दीडशे वर्षांकडे पाहू.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवले. भाव चढले, पेरा वाढला, युद्ध संपताच भाव कोसळले. या चढउतारातून इंग्रजांनी एक धडा घेतला तो असा की कापूस हवा असेल तर रेल्वे हवी आणि तारही हवी. १८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी स्वतः तिथे हजर राहिले. त्याच साली समुद्राखालची तार मुंबईपर्यंत पोचली. लिव्हरपूलच्या बाजारातला भाव, जो पूर्वी बोटीने कित्येक आठवड्यांनी यायचा, तो आता तासांच्या हिशेबात वऱ्हाडातल्या कापूस पेठेत येऊ लागला.

ती तार वाचत कोण होते? निर्यातदार पेढीचा गुमास्ता, जिनिंगवाला, मोठा दलाल. मानोऱ्याकडून बैलगाडीत कापूस भरून दोन मुक्काम करत येणाऱ्या कुणब्याला किंवा बंजाऱ्याला त्या तारेचा पत्ताही नसे. तारेपूर्वी दोघेही लिव्हरपूलविषयी सारखेच अंधारात होते. तार आल्यावर एकाच्या हातात दिवा आला आणि दुसरा होता तिथेच राहिला. तंत्रज्ञान आले की सर्वांचे भले होते असे आपण सहज म्हणतो. वऱ्हाडात त्याचा पहिला परिणाम उलटा होता: दोघांमधली दरी रुंदावली.

त्यात सौद्याची पद्धत. शेतमालाच्या बाजारात तेव्हा हत्ता चालत असे. रुमालाखाली व्यापारी आणि दलाल एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत. ज्याचा माल, तो शेजारी उभा असे आणि आपल्या मालाला कोणी किती बोली लावली हे त्याला दिसत नसे. वजन दुसऱ्याचे, मापारी दुसऱ्याचा, कटती किती हे शेवटी कळणार. दूरच्या बाजारातली बातमी तारेने अडत्याच्या घरात गेलेली आणि जवळची बातमी रुमालाखाली झाकलेली.

१८८६ चा हुकूम आणि पुढे १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा यांनी काय केले ते नीट पाहण्यासारखे आहे. बाजाराची जागा ठरली. तिथे दलाली करायची, वजन करायचे तर परवाना हवा, असे झाले. बाजार फी ठरली, देखरेखीला समिती आली. भाव किती असावा याबद्दल कायदा बोलला नाही. वजन कोणाचे, जागा कोणती, कोण सौदा करू शकेल, एवढ्यावरच त्याचा भर होता. म्हणजे सरकारचा पहिला मोठा हस्तक्षेप भावात नव्हता. भाव ज्या उजेडात ठरतो त्या उजेडात होता.

हे इंग्रजांनी कुणब्याच्या प्रेमापोटी केले असे मी म्हणणार नाही. गिरण्यांना स्वच्छ, भेसळ नसलेला, वजनाला खरा कापूस वाजवी दरात हवा होता. मुंबई इलाख्यात १८६३ सालीच कापसातली भेसळ रोखण्याचा कायदा झाला होता, त्याच चिंतेतून. वऱ्हाडच्या बाजार समितीत व्यापारी होते, नगरपालिकेचे लोक होते. पिकवणाऱ्याला तिथे खुर्ची नव्हती. शेतकऱ्याचा विचार १९२७ च्या मुंबईच्या कापूस बाजार कायद्यात डोकावला. पुढच्याच वर्षी शेतीविषयक रॉयल कमिशनने अशा नियंत्रित बाजारपेठा देशभर काढाव्यात असे सुचवले. महाराष्ट्राचा आजचा बाजार समिती कायदा १९६३ चा. हेतू कोणाचाही असो, उघड्यावर हर्रास झाली, काटा सर्वांसमोर आला, तेव्हा पिकवणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा काहीतरी आले. चार जणांसमोर बोललेला आकडा नंतर बदलणे अवघड असते.

आता शंभर वर्षांची उडी घेऊ. ट्रंक कॉल, मग ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आलेले पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ, मग ३१ जुलै १९९५ रोजी भारतातला पहिला मोबाइल कॉल. तेव्हा मिनिटाला कित्येक रुपये मोजावे लागत आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडत. २००३ साली आलेला कॉल फुकट झाला आणि मोबाइल सालदाराच्या खिशापर्यंत पोचला. हा बदल कंपन्यांच्या उदारपणातून झालेला नाही. फोन करणाऱ्याने पैसे द्यायचे, हे नियमाने ठरले. डोंगराळ, विरळ वस्तीच्या भागात टॉवर उभारणे परवडत नाही, म्हणून कंपन्यांच्या महसुलातून पाच टक्के घेऊन त्याचा निधी उभारण्याची पद्धतही सरकारनेच घातली. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला तो स्पर्धेमुळे. स्पर्धा आणि नियम, दोन्हींनी मिळून फोन मंगरुळपीरच्या पारावर आणला. सरकार पूर्ण बाजूला हटले असते तर तो आला नसता, आणि सारे सरकारनेच धरून ठेवले असते तरीही आला नसता. लँडलाइनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे थांबलेले लोक अजून जिवंत आहेत.

आज व्हॉट्सअॅपवर सकाळीच अडत्यांच्या गटांत भाव पडतात. वाशीम, रिसोड, कारंजा, अकोला, हिंगोली, सगळे एका पडद्यावर. पणन मंडळाच्या यादीत तीन आकडे दिसतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. तारेच्या काळातली दरी मिटली असे वाटावे. माझेही बरीच वर्षे असेच मत होते, पण पुरावा वेगळे सांगतो.

२००७ साली रॉयटर्सने महाराष्ट्रात शेतकऱ्यांना एसएमएसने बाजारभाव, हवामान आणि पिकाचा सल्ला पुरवण्याची सशुल्क सेवा सुरू केली. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन या दोन अभ्यासकांनी तिचा परिणाम महाराष्ट्रातल्या शंभर गावांत तपासला. पुणे, नाशिक, अहमदनगर, धुळे आणि लातूर हे जिल्हे. पिकांत टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू आणि आपले सोयाबीनही. २०१२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की एसएमएस मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या शेतकऱ्यांना मिळालेल्या भावात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. भाव कळला, पण त्याने भाव वाढला नाही.

याउलट दोन उदाहरणे आहेत. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल आला तेव्हा मासळीच्या बाजारात काय झाले याचा रॉबर्ट जेन्सन यांनी केलेला अभ्यास जगभर गाजला. वेगवेगळ्या बंदरांतले तारलीचे भाव एकमेकांजवळ आले, मासळी फेकून देणे थांबले, कोळ्यांचा नफा वाढला. दुसरे मध्य प्रदेशातले. तिथे २००० पासून आयटीसी कंपनीने सोयाबीनच्या गावांत ई-चौपाल नावाची संगणक केंद्रे काढली. अपराजिता गोयल यांच्या अभ्यासात असे दिसले की ज्या भागात ही केंद्रे आली तिथल्या मंडीतला सोयाबीनचा भाव एक ते तीन टक्क्यांनी वाढला. टक्का लहान वाटतो, पण तो मंडीत विकणाऱ्या सगळ्यांना मिळाला, केंद्राला कधीही पाय न लावणाऱ्यालाही.

केरळात आणि मध्य प्रदेशात जमले ते महाराष्ट्रातल्या शंभर गावांत का जमले नाही? माझे उत्तर असे आहे. केरळचा कोळी समुद्रात असतानाच फोन करतो आणि होडीचे तोंड दुसऱ्या बंदराकडे वळवतो. ई-चौपालने नुसता भाव दाखवला नाही. ती कंपनी स्वतः दुसरा ग्राहक होती, तिच्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा होता आणि चुकाराही तिथेच होत असे. म्हणजे दोन्ही ठिकाणी बातमीच्या जोडीला वळण्याची सोय होती. मानोरा तालुक्यातला शेतकरी ट्रॅक्टर-ट्रॉलीत पन्नास कट्टे घालून वाशीमच्या यार्डात उभा राहिला की तो वळू शकत नाही. ट्रॉलीचे भाडे चढलेले, हमाल लागलेले, कृषी केंद्रवाल्याची उधारी डोक्यावर, थ्रेशरवाल्याचे पैसे द्यायचे. फोनमध्ये अकोल्याचा भाव शंभर रुपयांनी जास्त दिसत असेल, पण त्या आकड्याचे त्याला काही करता येत नाही.

शिवाय फोनमधला आकडा कोणत्या मालाचा? सोयाबीनला बारा टक्के ओलावा हे प्रमाण धरले जाते. ऑक्टोबरात परतीच्या पावसात भिजलेल्या मालात तो सहज वर जातो. त्यात डाग, माती, काडीकचरा. कमाल भाव वाचून आलेल्या माणसाच्या हातात किमानच्या जवळची पट्टी पडते आणि मधली सारी तफावत एका मुठीत दाणे घेऊन बोट फिरवणाऱ्या माणसाच्या अंदाजावर ठरते. ज्या यार्डात ओलावा मोजायचे यंत्र सर्वांसमोर ठेवलेले असते आणि आकडा पट्टीवर लिहिला जातो, तिथे वाद कमी होतात. हे साधे यंत्र मला महागड्या अॅपपेक्षा मोलाचे वाटते. १८९७ चा कायदा ज्या काट्यासाठी होता, त्याच काट्याचे हे आजचे रूप आहे. अशा ठिकाणी सरकारने खुशाल पडावे. मापे, यंत्रांची तपासणी, त्याच दिवशी चुकारा, अडत्याचा परवाना यांत सरकार जितके कडक तितके चांगले.

इथे एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावासा वाटतो. बातमी दोघांना सारखी मिळावी, हेच जर सूत्र, तर महाराष्ट्राची कापूस एकाधिकार खरेदी योजना आदर्श म्हणायला हवी. १९७२ च्या हंगामापासून तीसेक वर्षे ती चालली. पणन महासंघ हा एकच ग्राहक, भाव आधीच जाहीर, सगळ्यांना सारखा. बातमीत कुठेच विषमता नव्हती. तरीही लोक रातोरात आदिलाबादकडे, मध्य प्रदेशाकडे गाड्या नेत, कारण तिकडे भाव बरा असला की तो घेण्याचा हक्क आपल्याला नाही हे त्यांना सोसत नसे. चुकारेही हप्त्याहप्त्याने मिळत. बातमी सर्वांना सारखी होती, पण ती घेऊन जायला दुसरी जागा नव्हती. म्हणून सूत्र थोडे पुरे करून घेतो: भावाची बातमी दोघांना एकाच वेळी कळावी आणि ती कळल्यावर विकणाऱ्याला वळता यावे.

शरद जोशींची आठवण इथे अटळ आहे. शेतकरी संघटना काढण्यापूर्वी ते भारतीय टपाल सेवेत होते आणि स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरी जागतिक टपाल संघटनेत त्यांनी नोकरी केली. दळणवळण हाच त्यांचा पेशा होता. पुढे त्यांनी शेतकऱ्यासाठी दोन स्वातंत्र्ये मागितली: बाजाराचे आणि तंत्रज्ञानाचे. सरकार शेतमालाचा भाव पाडण्यासाठीच बाजारात उतरते, हे त्यांचे निदान मला आजही खरे वाटते. पण त्यांच्या म्हणण्याचा अर्थ पुष्कळांनी असा काढला की सरकार हटले की बाजार आपोआप सरळ होईल. कारंजाचा अनुभव याच्या उलट आहे. रुमाल बाजाराने स्वतःहून काढला नव्हता. तो नियमाने काढावा लागला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो मध्येच बदलला आहे. लिव्हरपूलची बातमी आता कोणी विचारत नाही. शिकागोचा भाव, ब्राझीलचे पीक, इंडोनेशियाचे पामतेल, हे सारे वाशीमच्या पोरांना फोनवर कळते. आज सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचा भाव ज्या बातमीने एका दिवसात हलतो ती बातमी दिल्लीहून निघते. आयात शुल्क, निर्यातबंदी, साठा मर्यादा, वायदेबंदी. बाजार उजेडात आणणारे सरकारच आज बाजारातली सगळ्यांत मोठी बातमी होऊन बसले आहे.

गेल्या काही वर्षांच्या तारखा पाहा. २०२१ च्या ऑगस्टात विदर्भाच्या बाजारांत सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले होते. घरात माल उरलेले थोडे होते, पण त्या भावाकडे पाहून लोकांनी खरिपाच्या उभ्या पिकावर आशा बांधली. त्याच महिन्यात केंद्राने जनुकबदल केलेल्या सोयाबीनच्या बारा लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी दिली. नवा माल यार्डात येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला होता. उतरण्याचे कारण केवळ ती परवानगी नव्हती, नव्या पिकाची आवकही होतीच. पण ती परवानगी येणार हे ज्याला आठ दिवस आधी कळले असेल त्याने आठ दिवसांत काय केले असेल, याचा विचार मनातून जात नाही. ऑगस्टातच हरभऱ्याचे नवे वायदे थांबले होते. २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने सोयाबीनसह आणखी शेतमालाचे वायदे थांबवले. बंदी वर्षाची होती. तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि २०२५ मध्येही ती उठली नव्हती.

८ डिसेंबर २०२३ हा दिवस तर पाठ करावा असा आहे. त्या दिवसापासून पिवळ्या वाटाण्याची आयात शुल्कमुक्त झाली आणि त्याच दिवसापासून कांद्याची निर्यात बंद झाली. नाशिककडचा कांदा उत्पादक रस्त्यावर आला म्हणून त्याची बातमी झाली. आपल्याकडे हरभरा ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरला जातो. डिसेंबरात पीक हातभर वाढलेले असते, बियाणे-खताचे पैसे जमिनीत गेलेले असतात. आता वाटाणा स्वस्त येणार, बेसनात मिसळणार आणि हरभऱ्याला ओढून खाली आणणार, हे हरभरा पेरणाऱ्याला कळले तेव्हा त्याच्या हातात करण्यासारखे काही उरले नव्हते.

आणखी एक जोडी. २८ मे २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने खरिपाचे हमीभाव जाहीर केले. सोयाबीनचा हमीभाव ४३६ रुपयांनी वाढून ५,३२८ झाला. दोनच दिवसांनी, ३० मे रोजी, कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क वीस टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर आले. तेच शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये शेतकऱ्याच्या हितासाठी म्हणून वाढवलेले होते. पहिली बातमी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली, दुसरी व्यापाराच्या पानावर. पेरणीला निघालेल्या माणसाने पहिली वाचली आणि बियाण्याची बॅग घेतली. तेल गिरणीवाल्याने दुसरी वाचली आणि हंगामाची खरेदी आखली.

मला यात तोच जुना रुमाल दिसतो. बोटे आता दिल्लीत हलतात आणि जवळ उभ्या असलेल्याला काही अंदाज लागतो. मोठे आयातदार, तेल कंपन्या, त्यांच्या संघटना मंत्रालयात निवेदने देतात, बैठकांना बसतात, हवा ओळखतात. यात बेकायदा काही असेलच असे नाही. पण पिकवणाऱ्याची कोणतीही संघटना त्या खोलीत तितक्या वेळा बसत नाही आणि त्याचा स्वस्त डेटा त्या खोलीपर्यंत पोचत नाही.

सरकारी माहिती फुटू नये आणि सर्वांना एकाच क्षणी मिळावी, याची व्यवस्था करता येते. अमेरिकेच्या कृषी खात्यात १९०५ साली एडविन होम्स नावाचा सांख्यिकी अधिकारी कापूस पिकाचे अंदाज न्यूयॉर्कच्या सट्टेवाल्यांना आधीच पुरवत असल्याचे उघड झाले. खिडकीचा पडदा किती वर, किती खाली, यावरून बाहेर उभ्या माणसाला खुणा जात, अशी त्याची कथा सांगतात. वऱ्हाडच्या कापसाची आणि त्या कापसाची बाजारपेठ अखेर एकच होती. त्या लाजिरवाण्या प्रकरणानंतर तिथे आकडे तयार करणारे लोक अहवाल बाहेर पडेपर्यंत कुलूपबंद खोलीत बसू लागले. अहवाल कोणत्या तारखेला, किती वाजता येणार हे वर्षभर आधी छापलेले असते. आयोवातला शेतकरी आणि शिकागोतला दलाल तो एकाच मिनिटाला वाचतात.

इतके दूर जायचीही गरज नाही. आपली रिझर्व्ह बँक व्याजदराच्या बैठकांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करते. ठरल्या दिवशी सकाळी दहाला गव्हर्नर सर्वांसमोर निर्णय वाचतात, कारणे सांगतात. बैठकीच्या आधी आणि नंतर काही दिवस समितीचे सदस्य त्यावर बोलत नाहीत. पाव टक्का व्याजासाठी इतकी शिस्त पाळणारा देश सोयाबीनच्या तेलावरचे शुल्क दहा टक्क्यांनी हलवताना एका अधिसूचनेवर भागवतो. ही शिस्त शेतमालाच्या बाबतीत पाळता येणार नाही असे कोणी म्हणाले तर मी ते मानायला तयार नाही. कर्ज घेणाऱ्याला दिलेला मान पीक घेणाऱ्यालाही मिळाला पाहिजे.

वायदेबंदीकडेही मी याच नजरेने पाहतो. सट्ट्याने भाव फुगतात ही भीती खोटी नाही. २०१२ साली गवारीच्या वायद्यांत जे झाले ते आठवणीत आहे आणि तेव्हा बंदी घालावी लागली. वाशीमचा दोन-चार एकरांचा शेतकरी वायद्यात उतरत नाही, उतरूही नये. पण वायदा चालू असताना जूनमध्ये ऑक्टोबरचा भाव एका उघड्या पाटीवर दिसत असे, आणि तो दाल मिलवाल्याला, अडत्याला, शेतकऱ्याला सारखाच दिसत असे. सोयाबीन पेरू की तूर वाढवू, निघालेला माल विकू की गोदामात ठेवू, याला काहीतरी आधार होता. अनामत वाढवा, सौद्यांवर मर्यादा घाला, बड्या खेळाडूंची नावे तपासा. पाटीच उतरवली तर अंदाज बांधायचे काम पुन्हा ज्यांच्याकडे माणसे आणि फोन जास्त आहेत त्यांच्याकडेच जाते.

खाणाऱ्याचे काय, हा प्रश्न रास्त आहे. देश आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलाचा अर्ध्याहून मोठा हिस्सा बाहेरून आणतो. तेल महागले की मोलमजुरीवर जगणाऱ्या घरात फोडणी बंद होते आणि अशी घरे वाशीम जिल्ह्यातही भरपूर आहेत. आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपण उगीच नाही. सरकारने त्या घरांसाठी जरूर धावावे. पण ती मदत रेशन दुकानातून, अंदाजपत्रकातून, उघड हिशेबाने द्यावी. शुल्काच्या वाटेने दिली की तिचे पैसे कोणाच्या खळ्यातून गेले हे कुठेच लिहिले जात नाही.

युद्ध झाले, पुरवठा तुटला, तर सरकारला तातडीने हलावे लागेल, तेव्हा तारखा पाळत बसता येणार नाही, असेही म्हटले जाते. कबूल. अशा वेळी अपवाद करावा, पण तो लेखी कारणासह, ठराविक मुदतीसाठी आणि पुढची फेरतपासणी कधी हे त्याच कागदावर लिहून. एरवी हमीभाव जर पेरणीच्या तोंडावर सांगता येतो, तर त्याच दिवशी, त्याच पत्रकार परिषदेत पुढच्या मार्चपर्यंतचे खाद्यतेल आणि कडधान्यांचे आयात शुल्कही सांगता येईल. शुल्क कमी ठेवायचे असेल तर कमी सांगा. मग शेलूबाजारचा शेतकरी हमीभावाच्या आकड्याशेजारी शुल्काचा आकडा ठेवून पाहील आणि सहा बॅगा सोयाबीन पेरायचे की चार, हे त्याचे तो ठरवील.

राज्य सरकार आणि बाजार समित्यांनाही यात काम आहे आणि त्याला दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. हमीभाव खरेदीसाठी ऑनलाइन नोंदणी केलेला शेतकरी मेसेजची वाट पाहत घरात माल धरून बसतो. मेसेज कधी येणार, त्याच्या पुढे किती जण आहेत, केंद्रावर बारदाना आहे की नाही, यातले त्याला काहीही दिसत नाही. कोणाला आधी बोलावले, कोणाला नंतर, यावरून दर हंगामात संशय पिकतो. क्रमवारीची यादी रोज संध्याकाळी खरेदी केंद्राच्या भिंतीवर आणि फोनवर लावावी, त्यात शिल्लक बारदाना आणि झालेली खरेदी लिहावी. आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक यार्डात ओलाव्याचे यंत्र काट्याच्या शेजारी, शेतकऱ्याला आकडा दिसेल अशा उंचीवर असावे. सुरुवात कारंजाच्या यार्डापासून झाली तर मला विशेष आनंद होईल.